भुंगा थांबायचा ती जागा

४ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

खोकला गेला. वेळेवर जेवते, तेव्हा त्याबद्दल विचारू नकोस.

मैफल ठरल्याप्रमाणे होणार. वाचनालयाची वरची खोली, पियानो, माझं व्हायोलिन आणि चेलो. आधी त्या नावाजलेल्या बुवांची रचना, रेडिओवर सारखी लागते ती. मग त्यांच्याच काळातल्या त्या बाईंची, ज्यांचं नावही कुणाला ठाऊक नाही. दादानेच ती शोधून काढली होती, आठवतं ना?

दादा गेल्यावर त्याच्या जागी चेलोवाले एक मास्तर मिळालेत. पण त्यांना पहिल्या रचनेपुरतंच बसवावं म्हणते. बाईंची रचना मी आणि पियानोवाली मैत्रीण, आम्ही दोघीच वाजवू, चेलोशिवाय. बुवांच्या रचनेतून एक वाद्य काढलं तर सगळ्यांना कळेल. हिच्यातून काढलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

येशील ना? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी नात

९ फेब्रुवारी

चि. घुंगुरटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र माझं मीच वाचलं. अख्खी दुपार गेली. अक्षर सुधार.

कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणतेस. त्या बाईच्या वाट्याला आजवर हेच आलं ना? आता मेल्यावर तरी पुरती वाजवा तिला. आणि मी कुणीच नाही वाटतं? माझं स्वयंपाकघर उबदार म्हणून तुझ्या भावाने सगळा हिवाळा तिथेच काढला. मी भांडी घासायची, तो चेलो घासायचा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हे एवढं पाठ आहे. मधे ते वर वर चढतं, एकदम थांबतं, श्वास घेतं आणि मग खाली येतं. तिथे माझाही हात थांबायचा.

खरं दुखणं मला कळतं. तुझ्या दादाचे, आपल्या भुंग्याचे, गाण्याचे कागद परक्याच्या हाती द्यायला तू धजत नाहीस. अगं, कागद आहेत ते, तो नव्हे. रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीवर धूळ तेवढी बसते, माणूस बसत नाही.

मी येते. पाठ टेकायला मिळेल अशी खुर्ची ठेव. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस.

आजी

१६ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

कागद दिले. मास्तरांनी दादाच्या पेन्सिलीच्या खुणा पाहून विचारलं, खोडू का. मी नको म्हटलं. मग त्यांनी कागद असे धरले, जणू ओले आहेत.

तुझी खुर्ची पुढच्या रांगेत ठेवली आहे. रागावलीस तरी माया ठेव.

तुझी नात

२ मार्च

चि. घुंगुरटीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. गुडघे कुरकुरतात, त्यांना कोण विचारतं.

बुवांचं छान झालं. त्यांचं काय, लोक आधीपासूनच माना डोलवत बसले होते. शेजारचा जाड्या तर सोबत गुणगुणत होता, कोपराने ढोसावं लागलं. बाईंचं सुरू झालं आणि तोही गप्प झाला. ते वर चढायला लागलं तशी मी थांबायची वाट बघत राहिले. मास्तर थांबलेच नाहीत. सरळ वर जाऊन खाली उतरले.

माझं डोकंच फिरलं. उसना माणूस, अंगचोरी करणारच. तू पाहुण्यांत गुंतलीस तेव्हा त्यांना गाठून विचारलं, मधला थांबा कुठे गिळला. माणूस भला. हळूच म्हणाले, आजी, तिथे थांबा नाहीच. जागा अवघड आहे, भलेभले तिथे अडखळतात आणि पुन्हा उचलतात.

म्हणजे सगळा हिवाळा बाईची चाल समजून मी आपल्या पोराची चूक पाठ केली. दुसऱ्या कुणाकडून ऐकलीच नव्हती, तर कळणार कसं.

त्याला पोचवून आलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं म्हणून लोकांनी नावं ठेवली. परवा परतीच्या बसमध्ये तिकीटवाल्याने विचारलं, आजी, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, तू तिकीट फाड.

मास्तरांना कागदांसकट ठेवून घ्या. बरोबर वाजवतात.

तू मात्र घरी आलीस की स्वयंपाकघरात बसून एकदा ते चुकीचं वाजव. व्हायोलिनवर चालेल. कुठे थांबायचं ते मी सांगेन.

लोभ या खेपेला वाढवलास तरी चालेल.

आजी