लाल तेल आणि बिनक्लचची मोटरसायकल

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, नवरा हयात नाही, उद्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे म्हणून आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेलं नाही. उलट मुलगी "आई, असलं काही लिहू नकोस" म्हणून मघापासून मागे लागली आहे. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि अंगावरचं सोनं मुलीला. मागचा दरवाजा दमट हवेत फुगतो. तो लाथेने उघडू नये, खांदा लावावा.

कलम २. शिलाई मशीन आणि मोठी कात्री, माझ्याकडे काजं-बटणं करणाऱ्या बाईंना. मुलीने कागद कापायला कात्री मागितली तरी त्यांनी देऊ नये.

कलम ३. मोटरसायकल.

इथे लिहिणं थांबवून उठले. तेल गळतंय का कळावं म्हणून गाडीखाली पुठ्ठा अंथरलाय, तो पाहून आले. अजून कोरडा आहे.

लहानपणीच्या तापात माझा डावा हात लुळा पडला. सुई धरतो, पण क्लच दाबायचं बळ त्यात नाही. आमच्या ह्यांनी कुठून तरी ही जुनी ऑटोमॅटिक मोटरसायकल शोधून आणली. हिला क्लचच नाही. आतल्या लाल तेलाच्या जोरावर ती पुढे सरकते. म्हणजे तेल हाच हिचा जीव. मी हिच्यावरून गावभर कपडे पोचवले. माझे दीर गॅरेजवाले. ते हसायचे. "क्लच नाही ती कसली गाडी, वहिनी? पाळणा आहे तो."

हे गेले त्या वर्षी लाल तेल कमी झालं, तेव्हा भाऊजींनी इंजिनचं तेल ओतलं. "तेल ते तेल," म्हणाले. चढावर गाडीची ओढ सुटली, ती मागे घसरली आणि मी पडले. चार लोकांसमोर भाऊजी म्हणाले, "वहिनींच्या हाताला जमत नाही." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गाडीवर चादर पडली.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि मला घरात चैन पडेना. गाडी बंद ठेवून जायचं मनाला पटेना. या गाडीला कधी हात लावलेले गॅरेजवाले भाऊजी एकटेच. गेले गॅरेजात. ते स्टुलावर बसले होते, डावा हात मांडीवर लुळा. अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं कानावर होतं, पण भेटायला मी गेले नव्हते.

"बसा," एवढंच म्हणाले.

गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल आता निघत नाही. आम्ही दोघं दुकानात गेलो, तर दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एक नवीन, पातळ, महाग. "आयुष्यभर बदलायला नको," म्हणाला. दुसरं साधं, जुन्या पद्धतीचं. मी महागाला हात घातला.

भाऊजी म्हणाले, "ते नको. आतलं रबर म्हातारं झालंय. पातळ तेल पाझरेल."

"पण हे आयुष्यभर टिकतं."

"कोणाच्या आयुष्यभर, वहिनी?"

मी हात मागे घेतला. त्यांनाही बोलून गेल्यावर वाईट वाटलं असावं. डब्याचं झाकण उगाच फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "साधं घ्या. अधूनमधून बदलायला लागेल. मी बदलीन. त्या वेळी चूक माझीच होती, तुमच्या हाताची नव्हे."

साधं घेतलं. आज सकाळी इथे अंगणात आतलं काळं तेल काढून नवं लाल तेल भरलं. दोघांचे मिळून दोन उजवे हात. नरसाळं मी धरलं, डबा त्यांनी.

पुन्हा उठून आले. पुठ्ठ्यावर काही नाही. मुलगी म्हणते, "आई, बस ना एका जागी."

तर सदर मोटरसायकल माझ्या पश्चात माझ्या दिरांना द्यावी. आता क्लच त्यांनाही दाबता येत नाही.

वरचं वाक्य मुलीने मोठ्याने वाचलं. सकाळपासून अंगणातच बसलेले भाऊजी उठून उभे राहिले. "मला तुमच्या मरणाची वाट बघत बसायचं नाही. खोडा ते."

"मग आजच घ्या," मी म्हटलं आणि किल्ली पुढे केली.

"आणि पडलो तर?"

"पडलात तर उठा. मी उठले होते."

ते बसले. गाडी धक्का न देता सरकली. फाटकाशी त्यांचे पाय जमिनीवर घासत होते, मग वर गेले. कोपऱ्यावर वळून दिसेनासे झाले. मुलगी आणि मी फाटकात उभ्या. आवाज लांब गेला, बंद झाल्यासारखा वाटला, परत आला. भाऊजी आले ते घामाघूम. उतरायचं नाव घेईनात.

कलम ३ रद्द. मोटरसायकल आज माझ्या हयातीतच दिली आहे. ती आता माझ्या मालमत्तेत धरू नये.

वकीलबाईंनी बजावलं होतं की ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नका. भाऊजींना आता या कागदातून काहीच मिळत नाही. म्हणून साक्षीला त्यांनाच बसवते.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार १: शेजारच्या कंपाउंडरबाई
साक्षीदार २: धाकटे दीर, गॅरेजवाले (गाडीवर बसूनच सही केली)
ठिकाण: घराचं अंगण
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस