उलट्या शाळेचा गृहपाठ

वसई,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय सालोमीताई,

देवाच्या कृपेने घरी सगळं ठीक. नागपूरची थंडी तुला आणि भावोजींना सोसते आहे ना? शॅननच्या लग्नाची खरेदी कुठवर आली?

कुरिअरने पत्र आलेलं बघून तू कपाळावर हात मारला असशील. मी तुझा फोन उचलत नाही, आणि मेसेज केला की तू लगेच फोन लावतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं, म्हणून हा उद्योग.

आधी शाळेचं सांगते. आठवीला विज्ञान मी आता उलटं शिकवते. धडे गेल्या उन्हाळ्यातच मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलेत. मुलं ते घरी बघून येतात, आणि वर्गात नुसते प्रश्न, प्रयोग आणि भांडणं. त्याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. आमच्या मर्विनने नाव ठेवलं, "उलटी शाळा". बायकोच्या कामाला नवऱ्याचं प्रशस्तिपत्र! ज्यांच्या घरचा एकुलता मोबाईल बाबांबरोबर कामाला जातो, ती मुलं सकाळी लवकर येऊन शाळेच्या टॅबवर बघतात. बाकीच्यांची "रेंज नव्हती टीचर" ही सबब मात्र पूर्वीच्या पोटदुखीपेक्षा भारी चालते.

हेडमिस्ट्रेस खूश आहेत. "शर्ली टीचर वर्गात बोलतच नाहीत, मुलंच बोलतात," असं पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. मी फक्त टेबलावर डस्टर वाजवते. एकदा म्हणजे बरोबर, दोनदा म्हणजे पुन्हा विचार कर. कौतुक झालं की मान डोलावते.

मागच्या आठवड्यात ध्वनीचा धडा होता. व्हिडिओत मी सांगितलंय, गळ्यावर बोटं ठेवा, 'आ' म्हणा, स्वरतंतू थरथरताना कळतील. वर्गभर 'आ' सुरू झाले. तेवढ्यात खुशी उठली. "टीचर, व्हिडिओत तर तुम्ही नॉनस्टॉप बोलता. आता पण करून दाखवा ना."

मी बोटं ठेवली. 'आ' केला. ताई, फाटक्या पिपाणीतून निघावी तशी नुसती हवा निघाली.

कुणी हसलं नाही. काळूराम हळूच म्हणाला, "टीचर, गरम पानी आनू का?" तेव्हापासून सगळा वर्ग माझ्याशी कुजबुजत बोलतो. मी तसं कुणाला सांगितलेलं नाही.

तर आता तुला सांगते. माझ्या स्वरयंत्रावर गाठ आहे. पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, साधीच दिसते, पण काढून तपासायला पाठवू. आवाज परत येईल, पण तो आधीसारखा असेल असं नाही. सध्या कुजबुजायचीही बंदी आहे. मर्विन म्हणतो, "घरात एवढी शांतता, मला झोपच लागत नाही." असा विनोद करून तो स्वयंपाकघरात जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही.

मे महिन्यात तू म्हणाली होतीस, "लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जाताना आईची गाणी तूच म्हणायची. मला काय येतंय?" मी हो म्हटलं होतं. शॅननही मावशीच्याच भरवशावर आहे. नाताळ झाला की लग्न. तोवर मी गाऊ शकणार नाही, ताई. हे तुला सांगायचं कसं, म्हणून मी फोन टाळत होते. गाठीपेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटत होतं.

पाकिटात पेनड्राइव्ह आहे. धड्यांसाठी मर्विनने माइक आणला, तेव्हा तो तपासायला मी आईची गाणी म्हटली होती, ओळीने सगळी. मध्ये कुकरची शिट्टी आहे, ती सोडून दे. हा तुझा गृहपाठ. घरी ऐकायचं, चुका वर्गात करायच्या. "मला येत नाही" हे माझ्या वर्गात चालत नाही. लहानपणी चर्चच्या गायनात तू माझ्या शेजारी उभी राहून नुसते ओठ हलवायचीस, ते काय मला कळत नव्हतं? या वेळी विहिरीवर ओठ मी हलवीन.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, गुरुवारी, फोन कर. मी उचलीन. काही विचारू नकोस, सरळ पहिलं गाणं म्हण. एकदा टकटक ऐकू आली तर बरोबर. दोनदा आली तर पुन्हा म्हण.

तीनदा वाजलं तर समज, मला भीती वाटते आहे. तेव्हा गाणं थांबवू नकोस.

तुझ्या फोनची वाट बघणारी,
शर्ली