गॅस म्हणणारा पेशंट

विजूचे बाबा,

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा तुमाले लिहून राहिली. फोटोपुढे बोलत बसायची मले सवय नाही. पण तुमचं दुखणं परीक्षेच्या पेपरात आलं, ते तुमाले कळालं पाहिजे.

आपली नात पिंकी आता मेडिकल कॉलेजात शिकवते. पेपराचे सवाल ती एआयकडून, म्हणजे कम्प्युटरकडून, लिहून घेते आन् मंग एकेक तपासते. परवा मी मेथी निवडत होती, तर मले एक वाचून दाखवला. साठीचा माणूस दवाखान्यात येते, म्हणते, छातीत दाबल्यासारखं होते, कळ डाव्या हातात उतरते, घाम सुटला. तर आधी काय करावं?

मी म्हटलं, "असा शहाणा पेशंट कोणत्या गावचा? अर्धा सवाल तर त्यानंच सोडवला."

"तो कैसे बोलेगा, आजी?" पिंकी हिंदीतच बोलते.

"म्हणन, गॅस झाला, ओवा दे."

पोट्टी हळूच म्हणे, "आजोबा ऐसे बोले थे?"

हव, असेच बोलले तुम्ही. सिलतऱ्याच्या कारखान्यातून आले, शर्ट ओलाचिंब. भट्टीवरच्या माणसाचा घाम कोण पाहते? जबडा चोळत होते, मले वाटलं दाढ ठणकते; हार्टची कळ जबड्यातही उतरते, हे मले काय माहीत. मी ओवा आन् काळं मीठ दिलं, आन् दवाखान्यात न्यायले उशीर झाला. तुम्ही काहून नीट सांगितलं नाही? आन् मी तरी काहून विचारलं नाही? इतकी वर्षं हे कोणाजवळ बोलली नव्हती.

पिंकीनं सारं कम्प्युटरले सांगितलं. त्यानं नवा सवाल लिहिला, आन् शेवटी आपल्या मनानं जोडलं: पत्नीच्या दुर्लक्षामुळे उशीर झाला.

मी म्हटलं, "राहू दे. खरंच आहे."

"नहीं आजी, गलत है. गॅस बोले तो भी ईसीजी निकालना, ये डॉक्टर का काम है. बीवी का नहीं." आन् तिनं ती ओळ खोडली.

मी मेथी निवडत राहिली. पण त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पेपर झाला. अर्ध्या पोरांनी तुमाले गॅसचीच गोळी दिली म्हणे. पिंकी आता वर्गात त्यायले झाडणार आहे. बरं झालं. चुकायचं तर कागदावर चुकावं.

आता माझा शब्द. मले काही झालं तर "काही नाही" म्हणणार नाही. दुखते तिथं बोट ठेवून सांगीन. तुमच्याजवळ यायची मले घाई नाही.

तुमची,
सुमन