हवेवर धरलेलं पाणी

३० एप्रिल २०२२, शनिवार

गेजवर हवेचा दाब २.८, पाण्याचा ५. रजिस्टरात लिहिलं. पाइपांच्या खालच्या तोटीतून रोजच्यासारखं दमटपणाचं साचलेलं पेलाभर पाणी निघालं. बाहेर चव्वेचाळीस, शीतगृहात उणे वीस, आणि मी दोन्हीच्या मध्ये झडपेच्या खोलीत.

अनुपचा फोन नाही. लेहच्या पुढे बोगद्याच्या कामावर तो स्टोअर सांभाळतो. शनिवारी खाली उतरला तरच रेंज मिळते. नसेल उतरला.

२ मे

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "बर्फात आग कायची लागते वो?"

लागते. वायरी आहेत, थर्माकोल आहे, मासळीची खोकी आहेत. त्यांना ताटावरच समजावलं – आतल्या पाइपांत पाणी ठेवलं तर गोठेल, म्हणून तिथे नुसती हवा. पाणी झडपेच्या अलीकडे उभं. हवेच्या दाबाने झडप मिटलेली. आग लागली की तिथला फवारा फुटतो, हवा निघून जाते, झडप उघडते, पाणी धावतं. हवा थोडीथोडी झिरपतेच, ती कॉम्प्रेसर भरून काढतो. म्हणून तो बंद ठेवायचा नाही.

"म्हंजे हवेनं पाणी अडवून धरलं," त्या म्हणाल्या. दोन वर्षांच्या नोकरीत इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. मग भांडी उचलता उचलता, "पोराले आण आता घरी."

जूनमध्ये मी कायम होणार. पत्र हातात आलं की अनुप तिकडचं सोडून येणार. ठरलंय तसं. एक पगार पक्का असला की तो इथे तुमसरला काहीही बघेल. मला तो इथे हवाय. पंख्याखाली, घोरत.

५ मे

त्याच्या उशीला रोज अभ्रा बदलते. डोकं कोणाचंच नसतं. वेडेपणा आहे, पण बदलते.

७ मे, शनिवार

आला! पाच वाजून दहा मिनिटांनी. कॉम्प्रेसरच्या धडधडीत काही म्हणजे काही ऐकू येईना. "बोल ना, मोठ्याने बोल." खोली सोडून जायचं नाही हा नियम, म्हणून कॉम्प्रेसरच बंद केला. पाच मिनिटांनी काय होतंय.

"जेवली काय?" "थंडी लय हाये." "आई बरी हाये ना?" एवढंच बोलला. बाकी मीच. पत्राचं सांगितलं, कूलरची जाळी बदलल्याचं सांगितलं, तू आलास की बपेऱ्याला माझ्या माहेरी जाऊ म्हटलं. बावीस मिनिटं! घरी कशी पोचले ते आठवत नाही.

८ मे

कॉम्प्रेसर मी परत चालू केलाच नव्हता.

९ मे

हवा झिरपत झिरपत गेली आणि शनिवारी रात्रीच झडप उघडली. हवा कमी झाल्याचा भोंगा महिनाभर बिघडलेला. पाण्याची घंटा वाजली तेव्हा गार्डने मुख्य वॉल्व्ह फिरवला, पण तोवर सगळे पाइप भरले होते. उणे वीसमध्ये कितीसा वेळ लागतो! तीन जोड फुटले. माल दुसऱ्या खोलीत हलवला. आज पाइप उतरवून अंगणात उन्हात ठेवले. त्यांतून बर्फाच्या काळपट कांड्या घसरून पडत होत्या, आणि हमाल त्या मानेवर फिरवून हसत होते. मी हसले नाही.

सापडला तुलाराम. सहा वाजता माझ्याकडून तो चार्ज घेतो. आमची रीत अशी की मी लिहिलेला आकडाच तो खाली उतरवतो आणि सही करतो. घड्याळाकडे बघून, गेजकडे नाही. मीही दुपारचाच आकडा लिहिला होता.

इन्चार्ज भय्याजींनी रजिस्टर त्याच्यापुढे धरलं. "सही तुही हाये. गेज काहून नाही पाह्यला?"

"ताईनं लिहलं होतं ना साहेब. ताईचं कधी चुकत नाही."

माझ्याकडे बघून म्हणाला. खात्रीने.

१० मे

तुलारामला घरी बसवलं. मी गप्प बसले. जून डोळ्यांपुढे होता. अनुप बॅग घेऊन दारात उभा आहे, एवढंच दिसत होतं. स्वतःची लाज वाटते.

११ मे

अजून गप्पच.

१२ मे

सांगितलं. भय्याजींच्या टेबलासमोर उभी राहून, फोनसकट सगळं. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, "नवऱ्याचा फोन होता म्हंते. आता म्या काय लिहू वरती?" मला कामावरून काढलं नाही. पण पत्र वर्षभर पुढे गेलं. तुलाराम उद्यापासून कामावर.

तो संध्याकाळी घरी आला. मला वाटलं, शिव्या देईल. "ताई, आता म्या गेज पाहूनच सही करीन," एवढं बोलला, चहा घेतला आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता अनुपला सांगायचं. आणखी एक हिवाळा त्याला तिथे काढायला लावायचा, तो माझ्या पाच मिनिटांपायी.

१४ मे, शनिवार

फोन आला. त्याला बोलूच दिलं नाही. पत्र लांबलं, माझ्यामुळे लांबलं, तुझं येणं मीच अडवलं, असं एका दमात सांगून टाकलं. तो म्हणाला, "तेजू, मी मार्चमधीच इथं अजून दोन वर्ष राह्याची सही करून बसलो. मागच्या शनिवारी तेच सांगाले फोन केला होता. तू इतकी खुशीत बोलून राहिली होती, मले सांगवलं नाही."