आमाला कोण उचलणार?

करगिल, १४ जानेवारी १९९०

ती. आचोस, तुझ्या एकुलत्या धाकट्या बहिणीचा सलाम आणि जुले, दोन्ही वि. वि.

इकडे सर्व खुशाल. ह्यांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, त्याहून जास्त हे कुरकुरतात.

काल ट्रकवाला अंगचुक आला होता. म्हणाला, रोंगचुंगच्या पाटीवर कागद लागलाय. मुसलमानाच्या घरी चहा प्यायचा नाही, त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, आणि खाली पहिली सही गावच्या गोबाची, मुखियाची, म्हणजे तुझी! मी म्हटलं, दुसरा कुणी मोरूप असेल. अंगचुक हसत सुटला. सही वाकडी आहे म्हणाला, मग मात्र माझी खात्री पटली.

इथेही काही वेगळं नाही. मशिदीतले आखोन सांगतात, बौद्धाच्या हातचं खाल्लं तर नमाज फुकट. परवा सासूबाईंनी मी घुसळलेलं लोणी हुंगून विचारलं, गाय कुणाकडून घेतली होती? बावीस वर्षं झाली मला सकीना होऊन, तरी इथे मी अजून स्पालजेसच. तिकडे तुमच्या कागदानं मात्र मला एका दिवसात सकीना करून टाकलं.

आमाची तब्येत खरी कशी आहे ते लिही, आईच्या बाबतीत गोड गोड नको. अंगचुक म्हणतो ती अंथरुणातून उठत नाही. खिंड उघडी असेल तर मी पुढच्या आठवड्यात येते. आमासाठी जर्दाळू आणि लोकरीची टोपी ह्या पत्राबरोबरच पाठवत्ये. तुझ्या घरात मी लेक म्हणून यायचं की मुसलमान म्हणून, तेवढं कळव.

वहिनीला जुले सांग. लोभ आहेच, तो कागदावर चढवू नये ही विनंती.

तुझी,
सकीना (स्पालजेस)

*

रोंगचुंग, २३ जानेवारी

चि. स्पालजेस हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून कान लाल झाले, थंडीनं नव्हे.

धाकटे नोमो, गोबा म्हणजे गावाचं ओझ्याचं गाढव, हे तुला सांगायला हवं का? बहिष्कार समितीची माणसं शहरातून आली, चांगली जाकिटं घालून. दोन तास भाषण. आपली जमीन जाते, आपल्या मुली जातात, नोकऱ्या त्यांनाच मिळतात. मुलींचं बोलताना सगळे माझ्याकडे बघत होते, का ते तुला सांगायला नको. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर राग येतो. उरलेल्या अर्ध्यावर बोलायला गेलो तर म्हणाले, जो सही करणार नाही त्याच्या घरी लामा पाऊल ठेवणार नाहीत. आमाचं वय ऐंशी. मी काय करायला हवं होतं? तिला मंत्राविना पाठवू?

शेजारचा रसूलमेमे गल्लीतून गेला की मी खिडकीकडे पाठ करतो. ज्याच्या खांद्यावर बसून आपण मेळे पाहिले त्याच्याकडे पाठ. तोही जुले म्हणत नाही, नुसता खोकतो. त्या खोकल्यानं माझं जेवण उतरत नाही.

आमा बरी आहे. सत्तू खाते, मला शिव्या देते. तू येऊ नकोस. तू आलीस तर समितीला आयतं कोलीत मिळेल. जर्दाळू आणि टोपी अंगचुकबरोबर परत पाठवतोय, रागावू नकोस. पोतं दारात उतरताना दहा जणांनी पाहिलं.

मेहुण्यांना जुले. मनात ठेवू नकोस, माया राहू दे.

तुझा,
आचो मोरूप

*

करगिल, ४ फेब्रुवारी

आचोस सलाम.

जर्दाळू पोचले. टोपीही. एका म्हातारीची टोपी परत करताना तुझा हात कसा धजावला, हे मी आठ दिवस स्वतःला विचारत्ये.

एक गोष्ट सांग. सही करताना तू आपल्या पासपुनची घरं मोजलीस का? जन्माला, लग्नाला, मरणाला धावून येणारी घरं चार. मेलेल्याला घरच्यांनी हात लावायचा नाही, बांधायचं, उचलायचं, दहनाची भट्टी लिंपायची, सगळं उरलेल्या तिघांनी. नामग्यालची दोन्ही पोरं फौजेत. ग्यात्सो कमरेत वाकलेला. राहिलं कोण? रसूलमेमे! देव त्याचा वेगळा, पण वडील गेले तेव्हा अबाला टेकडीवर नेताना पुढचा खांदा त्याचाच होता. दुसऱ्या पासपुनची माणसं आपल्या प्रेताला शिवणार नाहीत, हे तुला तुझी जाकीटवाली समिती येण्याआधीपासून ठाऊक आहे.

मग आमाला कोण उचलणार, आचो? ती सही?

मी येत्ये. खिंड कशी आहे तेवढं उलट टपाली कळव.

राग आहे, मायाही आहे. आज राग जास्त.

सकीना

*

रोंगचुंग, १९ फेब्रुवारी

चि. नोमोस आशीर्वाद.

आमा बाराव्या तारखेला सकाळी गेली.

लामा आले, जप झाला. सहीची किंमत तेवढी वसूल झाली. पण तिसऱ्या दिवशी उचलायला माणूस नाही. समितीनं दुसऱ्या टोकाची चार पोरं पाठवली, ती अंगणात उभी राहून एकमेकांना पुढे ढकलत होती. शेवटी खातक, मानाचा पांढरा शेला, घेऊन मी रसूलमेमेच्या दारी गेलो. मला वाटलं होतं, थुंकेल. त्यानं खातक घेतला, डोळ्यांना लावला आणि कुदळ उचलली. मात्र आपल्या दाराशी येऊन थांबला. म्हणाला, उंबऱ्याच्या आत मी यायचं नाही असं तूच लिहून दिलंयस, गोबाचा शब्द मी मोडणार नाही, तिला बाहेर आण.

ग्यात्सोला एकट्याला पेलवेना. मग मी आणली. आपल्या घराण्यात आजवर कुठल्या मुलानं आईच्या प्रेताला हात लावला नसेल. सगळं गाव बघत होतं. नोमो, ती इतकी हलकी झाली होती की मला जोरच लावावा लागला नाही. पुढे टेकडीपर्यंत रसूलमेमेनं नेलं. समितीनं पाटीवर आता बहिष्कृत म्हणून माझं नाव लावलंय.

आणखी एक लिहायचं आहे, तीनदा कागद फाडला. आमा बरी नव्हती. डिसेंबरपासून ती तुझं नाव घेत होती, जुनं आणि नवं दोन्ही. रोज विचारायची, स्पालजेस निघाली का? मी सांगायचो, खिंड बंद आहे. शेवटच्या सकाळीही तेच सांगितलं.

खिंड उघडी होती.

तुझा,
मोरूप

*

करगिल, २८ फेब्रुवारी

आचो,

पत्र ह्यांनी वाचून दाखवलं, मला अक्षरं दिसेनात. सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या.

मी गुरुवारी निघत्ये. आमाच्या अस्थी छोट्या स्तूपांसाठी मातीत कालवायच्या राहिल्या असतील, त्या मी कालवणार. मुसलमान लेकीनं कालवाव्यात की नाही हे कुठे लिहिलंय मला ठाऊक नाही, आणि लिहिलं असेल तर मला वाचायचं नाही. कुणी अडवलं तर ते तू निस्तर.

शेवटी लोभ असावा असं लिहायचा रिवाज आहे. आचो, ह्या खेपेला माझ्यानं ते लिहवत नाही.

स्पालजेस