मालाचा दरवाजा

प्रिय धाकट्या,

फोन केला की तू घराचा इतिहास सांगत बसतोस आणि माझं म्हणणं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. इथे तरी तुला मध्येच तोडता येणार नाही.

आपलं घर जतन करायच्या यादीत आलं ते तुझ्या खटपटीमुळे, कबूल. लोक येतात, तळमजल्यावरचं जुनं दुकान बघतात, अरुंद दर्शनी भिंतीचे फोटो काढतात. पण हे घर बांधणाऱ्या त्या कापडाच्या व्यापाऱ्याने सगळा विचार गाठोड्यांचा केला, माणसांचा केलाच नाही, हे मला रोज चहा घेऊन वर जाताना कळतं. शिडीसारखा उभा जिना आणि धरायला काही नाही. कठडा लावू का विचारलं, तर जतन कार्यालयातले साहेब म्हणाले, मूळ लाकडाला खिळा मारता येणार नाही, सल्लागारांना विचारा. आणि सल्लागार कोण, तर आमचे बंधुराज! मी कपाळावर हात मारून घेतला. बाबांना तळमजल्यावर आणते म्हटलं, तर तो पाहुण्यांसाठी राखीव. गुडघे गेल्यापासून बाबा तिसऱ्या मजल्यावरच आहेत, त्यात आता मोतीबिंदू. खालचा रस्ता त्यांना नुसता ऐकू येतो.

काल त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. इस्पितळातली दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन आली. ती जिन्याच्या वळणावर अशी अडकली की आडवी करून, उलटी करून त्यांनी शेवटी हात टेकले. मी घराला वाट्टेल ते बोलले, त्यात तूही आलास. बाबा मात्र भिंत चाचपत खोलीतल्या रस्त्याकडच्या मोठ्या दरवाजाशी गेले, जिथून व्यापारी कप्पीने माल वर ओढून घ्यायचा, आणि म्हणाले, "मला गाठोडं समजा आणि इथून सोडा खाली."

आधी मला गंमत वाटली, पण ते खरंच म्हणत होते. शेजारचा सुतार तयार आहे. नवा दोर, नवी कप्पी, खुर्चीला पट्टे, सगळं करून देतो म्हणाला. फक्त कप्पीच्या वरच्या तुळईची खात्री त्याला देता येत नाही, कारण ती तपासलीस तू. घरावरच्या तुझ्या पुस्तकात ती 'आजही भक्कम' आहे. ते तू ठोकून बघून लिहिलंस की घराच्या प्रेमापोटी? एवढं एकच खरं सांग. डॉक्टरांनी आता ऑपरेशनला पुढच्या महिन्यातला पहिला गुरुवार दिलाय. तुळई भक्कम असेल तर तू ये आणि दोर स्वतः धर. नसेल तर तसं कळव. सुताराकडे करवतही आहे, आणि खुर्ची जाईल एवढी वाट करायला ती त्या मूळ जिन्यावर चालवताना मी कुणाचाही सल्ला घेणार नाही.

तुझीच,
पार वैतागलेली ताई