साखळीबाहेरची सायकल

मी, सेवकराम डोमाजी रहांगडाले, वय एकाहत्तर, राहणार तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, पूर्वीचा धंदा सायकल स्टँड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे गेले, एका डोळ्याने कमी दिसते, पण त्याचा इथे संबंध नाही. कोणी धमकावून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. गोड बोलणारे आमच्या घरी कोणी नाहीच.

१. गावातले कवेलूचे घर व मागच्या परसातली सांदवाडी माझी पत्नी शकुंतलाबाई हिच्या हयातीपर्यंत तिची. तिच्यानंतर मुलगा इंद्रकुमार व मुलगी सोनिका यांची, सारखी. "बहिणीचं लगन करून देल्लं, आता काय" असे इंद्रकुमारने म्हणू नये. म्हणणार आहे, मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

२. तलावाखालची धानाची बांधी इंद्रकुमारला. हवेचा पंप, पाने आणि पंक्चरची पेटीही त्यालाच. पाने कोणाला उसने देऊ नयेत. गेलेला पाना परत येत नाही.

३. अर्जुनीच्या बसस्टँडसमोर चिंचेखाली माझा सायकल स्टँड अठ्ठावीस वर्षे चालला. जागा माझी कधीच नव्हती, तेव्हा ती कोणाला देता येत नाही. लोकांनी मोटारसायकली घेतल्या आणि स्टँड आपोआप बंद पडला. मागे राहिली ती लोखंडी साखळी. ती बरोबर चाळीस सायकलींची आहे. एकेचाळिसावी तिच्यात बसत नाही.

नातवंडे सायकली चालवतात, म्हणून इथेच सांगून ठेवतो. नुसत्या पुढच्या चाकाला साखळी घालू नये. चोर चाक तिथेच सोडतो आणि बाकीची सायकल नेतो. साखळी मागच्या चाकातून आणि सांगाड्यातून, दोन्हीतून गेली पाहिजे. ज्या खांबावरून सायकल उचलून काढता येते, तो खांब कामाचा नाही. कुलपाचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे पाणी जात नाही. लावून झाले की दोनदा ओढून पाहावे. आणि आपल्या घरची जागा आहे, इथून कोण नेते, असे कधी म्हणू नये. यातले शेवटचे मला उशिरा कळले.

४. आता साखळीचे. ती सोनिकाला देणार होतो, पण कोणत्या तोंडाने देऊ? आधी पुढचे वाचावे. सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचावे, आणि तेव्हा सोनिका हजर असावी.

सन २००७. सोनिका अकरावीला होती. गाव ते अर्जुनी सात किलोमीटर, त्या रस्त्याला बस नाही. कॉलेजातून सायकली चोरीला जात, म्हणून ती आपली सायकल माझ्या स्टँडवर लावी आणि पुढे पायी जाई. मागच्या चाकाच्या कुलपाची एक चावी तिच्या दप्तरात, दुसरी चिंचेला ठोकलेल्या माझ्या खिळ्यावर.

त्या दिवशी बाजार होता. दहाच्या आत चाळीस सायकली भरल्या. मग केशोराव गुरुजी आले. मान मोठा, आवाज त्याहून मोठा. माझी सायकल साखळीतच पाहिजे, नाहीतर दुसरीकडे लावतो, म्हणाले. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी आणि घरचे मागून. मी खिळ्यावरची चावी घेतली, सोनिकाचे कुलूप उघडले, तिची सायकल साखळीतून काढून चिंचेला टेकवली आणि तिच्या जागी गुरुजींची लावली. तेवढ्यात साकोलीची बस आली, लोक बिल्ले दाखवत अंगावर आले, आणि कुलूप परत लावायचे राहिले. चावी त्यातच राहिली. तासाभराने पाहिले तर चिंचेपाशी सायकल नव्हती.

संध्याकाळी पोरगी आली. चिंचेखाली उभी राहिली, दप्तरातली चावी काढून तिच्याकडे बघत राहिली. मग विचारले, "बाबूजी, मीनं कुलूप लावलं होतं ना जी?"

गुरुजी बाजूलाच होते, आणखी चार गिऱ्हाईके होती. लोकांच्या सायकली राखणाऱ्याने स्वतःच्याच पोरीची घालवली, हे त्यांच्यासमोर बोलवेना. मी म्हणालो, "तुलेच माहीत, बाई."

एवढेच बोललो. पुढचे सगळे त्यातून झाले. शकुंतलाबाई तिला आठ दिवस बोलत होती. मी माझी सायकल देऊ केली, तर पोरगी म्हणाली, माझ्या हाती देऊ नका, पुन्हा हरवीन. कॉलेज सुटले. पुढच्या वर्षी लग्न करून सडक अर्जुनीला गेली. खिळ्यावर मी दुसऱ्याच कुलपाची चावी अडकवून ठेवली होती, ती अजून तिथे आहे. काढून पाहावी.

यंदा पोळ्याला आली होती. परत निघाली, तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन जावयाला गाडी फिरवायला लावली, कारण सांदवाडीची कडी लावली की नाही ते आठवेना. उतरली, कडी दोनदा ओढून पाहिली. असे ती रोज करते, जावई हसून सांगत होता. मी खाटेवर होतो. तिला जवळ बोलवायला हात वर केला, तिला वाटले निरोप देतो आहे. तिनेही हात हलवला आणि गेली. माझी जीभ चांगली आहे, पण या गोष्टीला ती उचलत नाही. काय करू? म्हणून कागद घेतला.

५. स्टँडशेजारच्या पानठेल्याच्या उदाराम शेंडेने हे सगळे पाहिले होते. "पोरीले सांगून टाक," एवढेच तो म्हणाला. त्यावर मी सतरा वर्षे त्याच्याशी बोललो नाही. लोकांना वाटते, भांडण आमच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून आहे. धुरा त्याचा बरोबर आहे. इंद्रकुमारने त्याबद्दल तोंड उघडू नये.

६. मृत्युपत्रात लिहावे लागते की, यापूर्वीचे लिखाण रद्द. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पण एक कागद माझ्या अक्षरात ठाण्यात गेला आहे. त्यात "मुलीने कुलूप न लावल्यामुळे सायकल चोरीस गेली" असे आहे. तो कागद खोटा आहे आणि मी तो रद्द करतो.

साखळी सोनिकाची. ठेवावी, नाहीतर तलावात टाकावी.

सोनिका, तू विचारले होते. लावले होते, बाई.

(सही) सेवकराम डोमाजी रहांगडाले

साक्षीदार:

१. ओमेश्वर पटले, किराणा दुकान. सही माझ्यासमोर झाली.

२. उदाराम शेंडे, पानठेला. सही माझ्यासमोर झाली. त्या सकाळी पोरीने कुलूप लावले आणि दोनदा ओढून पाहिले, तेही माझ्यासमोर झाले.

मुक्काम अर्जुनी मोरगाव, दिनांक १८ नोव्हेंबर २०२४